किटली आणि जीभ

आमच्या चहा चाखायच्या खोलीत एक मातीची किटली आहे. साधी, तपकिरी, चोचीचा टवका उडालेली. तिला आतून कधीच कोणी घासलेलं नाही. गरम पाणी फिरवायचं आणि उपडी घालायची, बस. आत बोट घातलं तर काळा, गुळगुळीत थर हाताला लागतो आणि त्या थरातच किटलीचा जीव आहे असं आम्ही सगळे मानतो. एकदा एका नव्या माणसानं स्वच्छतेच्या उमाळ्यानं तिला साबण लावायला घेतला होता. मी ती त्याच्या हातातून हिसकावली आणि असा तोंडाचा पट्टा सोडला की बिचारा दुपारी जेवलाच नाही. मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

जो नियम किटलीला, तोच जिभेला. हे बाबांचं म्हणणं. बाबा माझ्या आधी याच खोलीत मुख्य चाखणारे होते आणि हा धंदा मी त्यांच्याच हाताखाली शिकले. दात घासा, चुळा भरा, पण जिभेला हात लावायचा नाही. प्यालेला प्रत्येक चहा जिभेवर आपला एक पदर ठेवून जातो, ते पदर साचत जातात आणि त्यालाच अनुभव म्हणतात, असं ते शांतपणे सांगायचे. मला ते इतकं पटलं होतं की आमच्या घरात टंग क्लीनर हा शब्दसुद्धा शिवीसारखा वाटायचा.

कामाची रीत अशी. सकाळी उत्तरेच्या खिडकीखाली लांब टेबलावर पांढऱ्या वाट्या एका ओळीत मांडतात. त्यात कोरा चहा. वाफ वर चढते, खिडकीची काच धूसर होते आणि बाहेरचा रस्ता पाण्याखाली गेल्यासारखा दिसायला लागतो. मग कोणीतरी म्हणतं, "टेबल लागलंय." त्यानंतर बोलायचं नाही. चमचाभर चहा घ्यायचा, जोरात भुरका मारायचा, तोंडात फिरवायचा आणि शेजारच्या उंच भांड्यात थुंकायचा. "पुढचा," म्हणायचं आणि पुढे सरकायचं. गिळायचं नाही. दिवसभर गिळत बसलं तर माणसाचं पोट फुटेल. फक्त एकच घोट गिळायचा, जो चहा आमच्या कंपनीच्या डब्यात भरून विकायचा ठरला त्याचा, आणि तो मुख्य चाखणाऱ्यानं गिळायचा. बाबांच्या गळ्याची घाटी खाली-वर झाली की चहा पास. मग ते ती वाटी बोटानं ओळीतून थोडी पुढे सरकवायचे. कौतुक नाही, काही नाही.

माझा स्वतःचा एक चहा आहे. म्हणजे तीन बागांची पत्ती मिसळून मी जुळवलेला. तो मी बाबांच्या टेबलावर कितीदा ठेवला असेन कोण जाणे. दर वेळी थोडा बदलून. दर वेळी बाबांनी भुरका मारला, डोळे मिटले, फिरवला आणि थुंकून टाकला. "पुढचा." मी जळफळायचे. घरी येऊन भांडी आपटायचे. बाबा शांतपणे पेपर वाचायचे. शेवटी ते निवृत्त झाले, मी त्यांच्या जागी आले आणि तो चहा घरच्या फळीवर एका डब्यात पडून राहिला. आता मुख्य चाखणारी मीच होते, मनात आणलं असतं तर एका घोटात पास केला असता. पण स्वतःचा घोट स्वतःच गिळून पास करायचा, इतकी काही मी निर्लज्ज नाही.

थंडी सरता सरता बाबा आजारी पडले. ताप उतरला, छातीही मोकळी झाली, पण बोलणं गेलं आणि खाणं गेलं. खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून तोंड थोडं उघडं ठेवून ते पडून असायचे. ना जागे, ना झोपलेले. हात मात्र पांघरुणावरून सावकाश फिरायचा. मधूनच थांबायचा, बोटानं काहीतरी सरळ करायचा, परत फिरायचा. दिवसा त्यांच्याजवळ बसणाऱ्या सिस्टरला वाटायचं ते पांघरूण नीट करताहेत. मला कळायचं की ते वाट्या मांडताहेत.

"घशाला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "गिळायची ताकद शाबूत आहे. त्यांच्या मनातच नाही. पण असं किती दिवस चालवायचं? शुक्रवारी मी परत येतो. तोवर पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालू."

मला ते ऐकवेना. ज्या माणसाचं अख्खं आयुष्य जिभेवर गेलं, त्याचं अन्न आता जिभेला न शिवता पोटात जाणार. मी सांगून टाकलं, नळी नको. डॉक्टर म्हणाले, मग खायला घाला. बोलायला काय जातंय.

मी सगळं करून पाहिलं. सूप, दूध, मऊ भात, फळांचा रस. ऑफिसातून रोज चहाच्या पुड्या आणल्या, हलक्या, कडक, फुलांच्या वासाच्या. बाबा चमचा तोंडात घ्यायचे. तेवढं करायचे. मग गालातल्या गालात फिरवून परत बाहेर. सिस्टर हनुवटीखाली भांडं धरायची आणि म्हणायची, "थुंकतात हो ताई. नकोच आहे त्यांना." गाल बसले होते, मनगटातून घड्याळ निसटायला लागलं होतं. मी हात टेकले.

बुधवारी भुंगा आली. भुंगा म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी, दातांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणापासून सारखी गुणगुणत असते म्हणून हे नाव. ती आजोबांशेजारी बसली, गुणगुणत त्यांचं तोंड उघडलं, मोबाइलच्या उजेडात आत पाहिलं आणि गुणगुणणं थांबलं.

"मावशी, ही जीभ आहे की घोंगडी?"

"नीट बोल. आजोबा आहेत तुझे."

"नीटच बोलतेय. बघ ना. केवढा थर आहे. ताप होता, तोंड उघडं टाकून झोपतात, त्यात आयुष्यभर जीभ साफ केलेली नाही. यांना चव लागणार कशी? तू अमृत घातलंस तरी कार्डबोर्डच लागणार. सकाळ-संध्याकाळ दात पुसता तशी जीभही पुसायची. हलक्या हातानं, मागून पुढे. एवढंच तर आहे."

माझं टाळकंच सरकलं. एवढंच तर आहे, म्हणे. मी तिला किटली सांगितली, पदर सांगितले, अनुभव सांगितला. बाबांच्या जिभेवर काय काय आहे तुला माहीत तरी आहे का, म्हटलं. बंद पडलेल्या बागांचे चहा आहेत, पुन्हा कधीच कोणाला मिळणार नाहीत असे. तुझ्या आजीच्या हातचा शेवटचा चहा आहे. ती गेली त्या सकाळी तिनं केलेला. तो पुसून टाकू?

शेवटचं वाक्य मी बोलणार नव्हते. ते आपोआप बाहेर आलं. पण खरं सांगायचं तर मी मनात तेच धरून बसले होते. आई त्या जिभेवर कुठेतरी आहे, आणि बाबा तिला सांभाळून आहेत.

भुंगा चिडली नाही. "मावशी," ती म्हणाली, "किटलीला चव लागत नाही गं. ती नुसती चहा धरते. जिभेला चव घ्यायची असते." मग पर्समधून नवाकोरा टंग क्लीनर काढून तिनं टेबलावर ठेवला. "आजोबांचं राहू दे. आधी तू करून बघ. सगळी खोली झाडतेस आणि मधली सतरंजी तशीच ठेवतेस, असं आहे तुझं."

"अजिबात नाही," मी म्हटलं.

त्या दुपारी बाबांच्या उशाशी खुर्चीत माझा डोळा लागला. स्वप्नात खोलीभर पांढऱ्या वाट्या होत्या. जमिनीवर, पलंगावर, खिडकीत, जिन्यानं खाली उतरत पार रस्त्यापर्यंत. सगळ्यांतून वाफ येत होती. बाबा तरुण होते, बाह्या दुमडलेल्या, एकेका वाटीपाशी वाकत होते. भुरका मारायचे, थांबायचे, पुढे जायचे. थुंकत नव्हते, गिळत नव्हते, "पुढचा" म्हणत नव्हते. वाटीमागून वाटी, आणि चेहऱ्यावर एखादं पोर गर्दीत आई शोधतं तसं काहीतरी. मग ते वळले आणि म्हणाले, "यात काय आहे गं? मला काही कळत नाहीये."

मी जागी झाले तेव्हा त्यांचा हात पांघरुणावर फिरत होता. खिडकीतलं ऊन पिवळं झालं होतं. मी ते बघत बसले आणि पहिल्यांदा मला वाटलं, हे नको म्हणत नाहीयेत. हे चाखताहेत. चमचा तोंडात घेतात, फिरवतात, थुंकतात. दुसरं काय करतो चाखणारा माणूस? ते कधीचे टेबलापाशीच उभे आहेत आणि त्यांच्यापुढे नुसत्या पाण्याच्या वाट्या येताहेत. आणि हे कळायला मला, जी स्वतः रोज तेच करते, इतके दिवस लागले. मला माझाच राग आला.

गुरुवारी सकाळी मी न्हाणीघराचं दार लावून घेतलं, जणू काही चोरीच करत होते. दात घासले, मग तो टंग क्लीनर जिभेवर ठेवला, मागे, आणि पुढे ओढला. डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा ओढला, हलक्यानं. जे निघालं ते बघून शिसारी आली. हाच का माझा अनुभव, असं मनात आलं आणि मला हसू फुटलं. चूळ भरली. नळाचं पाणी होतं साधं. त्याला चव होती. थंड, जराशी लोखंडी, आणि मागे कुठेतरी गोड. मी ओंजळ भरून भरून ते पाणी पीत उभी राहिले. बाहेरून, रात्री मुक्कामाला राहिलेल्या भुंगाचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

ऑफिसात टेबल लागलं. मी पहिल्या वाटीचा भुरका मारला आणि तशीच उभी राहिले. पडदा सरकवावा आणि खोलीत ऊन यावं, तसं झालं. पत्तीत ओलं गवत होतं, धूर होता, कुठल्याशा डोंगरावरची सावली होती. मी ओळीतून पुढे सरकत गेले, पाय जमिनीला लागत नव्हते. आणि मग आमच्या नेहमीच्या डब्यातला चहा आला. मी स्वतः पास केलेला. तो इतका कडू आणि खरखरीत होता की मी बावरले. हळूहळू माझ्या लक्षात आलं. जीभ जाड होत गेली तशी मी कडक पत्ती वाढवत गेले होते. वर बागवाल्यांना फोन करकरून झापत होते की तुमच्या पत्तीत पूर्वीसारखा दम राहिला नाही. बिचारे निमूट ऐकून घ्यायचे.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी माझा तीन बागांचा चहा नव्यानं जुळवला. तोही मी वर्षानुवर्षं कडकच करत नेला होता, बाबांना पुरेसा वाटत नसावा म्हणून. आता कडक पत्ती काढून टाकली. नावाला चिमूटभर ठेवली. वास घेतला आणि पुडी बांधली.

सकाळी निघताना मी भुंगाला हो म्हणून गेले होते. घरी आले तर ती आणि सिस्टर बाबांना बसतं करत होत्या. पाठीला उशा, हनुवटी किंचित खाली. भुंगानं बोटाला ओलं फडकं गुंडाळलं होतं. पण बाबा तोंड उघडेनात. जबडा घट्ट मिटलेला, डोळेही. "आजोबा, आ करा बघू," ती म्हणत होती, लाडीगोडी लावत होती. ते ढिम्म. उद्या शुक्रवार होता. माझा जीव टांगणीला लागला.

मी पलंगाच्या कडेला बसले. त्यांच्या कानाशी गेले आणि हळू म्हटलं, "बाबा, टेबल लागलंय."

पांघरुणावरचा हात थांबला. मग त्यांनी तोंड उघडलं.

भुंगानं आधी फडक्यानं पुसलं, मागून पुढे, फार आत न जाता, घाई न करता. मग मऊ टंग क्लीनर. फडकं धुवायचं, परत पुसायचं. मी भांडं धरलं होतं. त्यात तपकिरी पाणी उतरत होतं. मी मनातल्या मनात आईची माफी मागितली, बंद पडलेल्या बागांची मागितली. बाबा शांत होते. एकदा त्यांनी जीभ टाळूला लावून पाहिली, आपल्याच घरात पहिल्यांदा आल्यासारखी.

"बास," भुंगा म्हणाली. "आजच्याला एवढं पुरे. उद्या परत. आता दे."

मी स्वयंपाकघरात धावले. घरच्या किटलीत पाणी होतंच, मघाशी उकळलेलं, कोमट झालेलं. मी तेच परत गॅसवर ठेवलं. माझी पत्ती टाकली, झाकलं, वाट पाहिली, निवू दिला, पांढऱ्या वाटीत गाळला. चमचा बाबांच्या ओठांपाशी नेला आणि त्यांनी भुरका मारला. नुसता घेतला नाही, मारला, ऑफिसात मारायचे तसा, खोलीभर आवाज झाला. सिस्टर दचकली. त्यांनी डोळे मिटले, फिरवला. आणि थुंकून टाकला.

मी खाली बघितलं. मला कोणाच्याच तोंडाकडे बघवेना.

"पाणी," बाबा म्हणाले. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा होता. "पाणी दोनदा उकळलंस."

भुंगानं माझा दंड घट्ट धरला होता. पहिल्यांदा चहा करायला शिकवला तेव्हा याच गोष्टीवरून बाबांनी मला टेबलापासून हाकललं होतं. शिळ्या पाण्याचा चहा मेलेला असतो, पोरी. इतक्या दिवसांनी त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तोही माझी चूक काढायला, आणि मला इतका आनंद झाला की मी नाक पुसत पुसत स्वयंपाकघरात गेले. किटली रिकामी केली. ताजं पाणी भरलं. उकळी फुटेपर्यंत तिच्यासमोर उभी राहिले.

दुसरी वाटी आणली तेव्हा संध्याकाळ खोलीत उतरली होती. वाफ खिडकीवर चढली आणि बाहेरचा रस्ता पुसट झाला. बाबांनी भुरका मारला. डोळे मिटले. फिरवला. तो घोट त्यांच्या तोंडात किती वेळ होता मला सांगता येणार नाही. मला त्या वेळात आई दिसली, ओट्यापाशी पाठमोरी. माझ्या सगळ्या फसलेल्या वाट्या दिसल्या, ओळीनं. सिस्टरनं सवयीनं भांडं पुढे धरलं. मी तिचा हात मागे घेतला.

घाटी खाली गेली आणि वर आली.

मग बाबांनी हात उचलला. माझ्या हातातली वाटी बोटानं चाचपली आणि ती थोडीशी, अगदी थोडीशी, पुढे सरकवली.

मी रडले, त्यात लपवण्यासारखं काय आहे. भुंगाही रडली. सिस्टरला काही समजत नव्हतं, ती आळीपाळीनं आमच्याकडे बघत होती. बाबांनी मात्र आमच्याकडे लक्षच दिलं नाही. ते सरळ समोर बघत होते, ओळीत अजून पुष्कळ वाट्या असल्यासारखे.

"पुढचा," ते म्हणाले.

पुढचा काहीच नव्हता. मी स्वयंपाकघरात गेले, सिस्टरनं केलेलं सूप गरम केलं आणि पांढऱ्या वाटीत ओतून आणलं. त्यांनी भुरका मारला, गिळला आणि म्हणाले मीठ कमी आहे.